ऑनलाइन व्यवसाय-शिक्षण आणि विद्यार्थ्यांचा परस्परसंबंध

व्यवसाय-शिक्षण म्हणजे केवळ माहितीचे ग्रहण नव्हे. हाताला वळण लागणे, डोळ्याला दोष दिसू लागणे आणि चार कारागिरांत वावरण्याची रीत अंगी येणे, या तिन्ही गोष्टी त्यात अभिप्रेत असतात. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची चर्चा अभ्यासक्रम आखताना होते. तिसरी मात्र आपोआप घडेल असे गृहीत धरले जाते. कर्मशाळेत ती बहुतांशी आपोआप घडतेही, कारण एका बाकावर चार विद्यार्थी उभे असतात आणि एकाची चूक उरलेल्या तिघांना दिसते. शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर आले, की हा बाक नाहीसा होतो. त्याची जागा कशाने भरून काढावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न तपासण्यासाठी बेळगावी जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे उदाहरण उपयोगी पडते. (सांगली जिल्ह्यातही खानापूर नावाचा तालुका आहे, येथे उल्लेख कर्नाटकातील सीमाभागाच्या खानापूरचा आहे.) तालुक्याचे ठिकाण बेळगावी शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, गोव्याकडे जाणाऱ्या मार्गावर वसले आहे. पश्चिमेकडे जांबोटी, कणकुंबी या बाजूस सह्याद्रीचे दाट जंगल आहे. मलप्रभा नदी कणकुंबीलाच उगम पावते. पावसाळ्यात या भागातील ओढे-नाले भरले, की वाड्या-वस्त्यांचा तालुक्याशी संबंध तुटतो. २०११ साली अधिसूचित झालेल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरातील गावांची अडचण त्याहूनही मोठी आहे. अशा गावातील मुलाने अगर मुलीने रोज बेळगावीला किंवा खानापूरला जाऊन व्यवसायाचे शिक्षण घ्यावे, ही अपेक्षा बोलण्यास सोपी आणि पाळण्यास कठीण आहे. घरी बसून शिकता आले तर त्याचा सर्वाधिक लाभ याच मुलांना व्हावा. प्रत्यक्षात मध्येच शिक्षण सोडून गोव्याच्या किंवा शहराच्या वाटेने मिळेल त्या कामास जाण्याचा धोकाही याच मुलांना अधिक असतो, आणि त्याचे कारण दर वेळी मोबाईलची 'रेंज' हेच नसते. एकट्याने शिकण्याचा कंटाळा आणि आपले चुकते आहे की बरोबर हे सांगणारे जवळ कोणी नसणे, हेही तितकेच मोठे कारण आहे.

२०२० सालचा अनुभव

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कर्मशाळांना कुलूप लागले. केंद्र शासनाच्या प्रशिक्षण महानिदेशालयाचे 'भारत स्किल्स' हे संकेतस्थळ त्याच्या आदल्या वर्षीच सुरू झालेले होते. चेन्नई येथील राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेने ध्वनिचित्रफिती व ऑनलाइन तासिकांची सोय केली. ठिकठिकाणच्या निदेशकांनी आपापल्या तुकडीचे व्हॉट्सॲप गट तयार केले. व्यवसाय-सिद्धांत, कर्मशाळा गणित, अभियांत्रिकी चित्रकला हे विषय यामुळे बऱ्याच अंशी चालू राहिले. प्रात्यक्षिक मात्र थांबले.

त्या गटांतून जे घडले ते अनेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. निदेशक फीत पाठवितात. खाली तीस जण ओळीने 'सर, समजले' असे लिहितात. कोणास काय समजले याचा पत्ता लागत नाही. दोन-तीन धीट विद्यार्थी प्रश्न विचारतात, बाकीचे गप्प राहतात. मधूनच सणाच्या शुभेच्छा, कोणाच्या वाढदिवसाचा केक आणि परीक्षा-शुल्काची सूचना एकाच माळेत येतात. यास विद्यार्थ्यांचा संवाद म्हणणे धाडसाचे होईल. तो सूचनाफलक होता, आणि सूचनाफलक म्हणून तो चांगला चालला.

एक गोष्ट तथापि ध्यानात घेतली पाहिजे. गप्प राहणारा प्रत्येक विद्यार्थी निष्क्रिय असतोच असे नाही. दुसऱ्याने विचारलेला प्रश्न व त्यास मिळालेले उत्तर वाचून तो शिकत असतो. कर्मशाळेतही काही मुले बोलत नाहीत, परंतु शेजाऱ्याच्या हाताकडे पाहत असतात. फरक इतकाच, की कर्मशाळेत पाहण्याजोगा हात समोर असतो आणि गटात पाहण्याजोगे काम कोणी टाकलेलेच नसते.

तीन प्रकारचा संवाद

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ साली एका छोट्या लेखात या विषयाची उपयुक्त मांडणी केली. दूर बसून शिकणाऱ्याचा संवाद तीन प्रकारचा असतो, असे त्यांनी दाखविले : अभ्यास-साहित्याशी, शिक्षकाशी आणि अन्य विद्यार्थ्यांशी. पुढे २००३ साली कॅनडातील टेरी अँडरसन यांनी असे प्रतिपादन केले, की या तिन्हींपैकी कोणताही एक संवाद उच्च प्रतीचा असला, तर उरलेले दोन अल्प असले तरी सखोल शिक्षण होऊ शकते. इतिहास किंवा हिशेबनीस यांसारख्या विषयांना हे बहुधा लागू पडेल. हातकामाच्या व्यवसायांना ते जसेच्या तसे लागू करता येणार नाही. उत्तम फीत पाहून कानस चालविता येत नाही. आणि शिक्षक कितीही तळमळीचा असला, तरी तीस जणांच्या कानशीवर तो दुरून एकाच वेळी नजर ठेवू शकत नाही. म्हणून व्यवसाय-शिक्षणात तिसऱ्या संवादाचे, म्हणजे विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांतील देवघेवीचे, मोल अधिक आहे.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८४० साली स्वस्त टपालाचा लाभ घेऊन पत्राने लघुलेखन शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून पाठवीत आणि तो दुरुस्त होऊन परत येई. शिकणारे वाढले तेव्हा १८४३ मध्ये ही लिपी अवगत असणाऱ्यांनी एक मंडळ स्थापिले आणि नवशिक्यांचे स्वाध्याय तपासण्याचे काम अंगावर घेतले. शिकलेल्याने शिकणाऱ्यास हात देण्याची ही रीत दूरशिक्षणाच्या जन्माइतकीच जुनी आहे.

पुणे केंद्राचा १९५६ सालचा प्रयोग

यापेक्षाही जवळचे व अधिक बोलके उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण रेडिओ-शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. त्या वेळी बेळगाव जिल्हाही मुंबई राज्यातच होता. त्याचा म्हैसूर राज्यात समावेश त्याच वर्षी १ नोव्हेंबरला झाला. प्रयोगासाठी मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावी पंधरा-वीस जणांचे मंडळ स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम दहा आठवड्यांत प्रसारित झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व निर्णय पुणे केंद्रास लिहून कळवीत. त्यांतील निवडक प्रश्नांना पुढील कार्यक्रमात उत्तरे दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याची आखणी मोठी चातुर्याची होती. मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी करण्यात आली : रेडिओ संच आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि संचही नाही अशी गावे. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडल्याचे दिसून आले. संच असूनही मंडळ नसलेल्या गावांतील भर त्या मानाने अगदी थोडी होती. आवाज तोच, कार्यक्रम तेच. भेद फक्त एकत्र बसण्याचा व बोलण्याचा होता.

आज रेडिओच्या जागी मोबाईल आला. तथापि एका बाबतीत आपण मागे गेलो आहोत. रेडिओचा संच गावात एक असे, त्यामुळे लोकांना एकत्र यावेच लागे. मोबाईल ज्याचा त्याच्या हाती असतो, म्हणून एकत्र येण्याचे निमित्तच उरत नाही. ते निमित्त आता मुद्दाम निर्माण करावे लागेल.

खानापूरच्या मातीचा धडा

खानापूरची माती कौलांसाठी, विटांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था याच गावी असावी, हा केवळ योगायोग नव्हे. कुंभारकामाचे उदाहरण घेतले, म्हणजे पडद्यावरून काय शिकता येते व काय येत नाही, याची रेघ स्पष्ट दिसते.

माती कोठली घ्यावी, ती किती दिवस भिजवावी, वाळू किती मिसळावी, साधी लाल भांडी साधारणपणे ९०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानास भाजतात, ही माहिती फितीतून उत्तम रीतीने देता येते. चाकावर मातीचा गोळा मध्यावर बसविणे ही मात्र माहिती नव्हे. गोळा किंचित बाजूला असेल तर हाताला ठोका जाणवतो. कोपर मांडीला टेकवून हात स्थिर केला, की तो ठोका हळूहळू नाहीसा होतो. शिकणाऱ्यास सुरुवातीस हा ठोका जाणवतच नाही. तो भांड्याच्या काठाकडे पाहत राहतो आणि कोपर हवेत ठेवतो. त्याला स्वतःचे कोपर दिसत नाही. शेजारी बसलेल्या सोबत्यास ते तत्काळ दिसते, कारण कालपर्यंत त्याचेही कोपर हवेतच होते. निष्णात कारागीर कधी कधी ही गोष्ट सांगण्यास विसरतो. त्याचे कोपर कित्येक वर्षांपूर्वी जागेवर बसलेले असते आणि आता तो त्याचा विचारही करीत नाही. नुकत्याच शिकलेल्याने नवशिक्यास शिकविण्यात हाच विशेष फायदा आहे.

भट्टीचे काम तर एकट्याचे नव्हेच. रात्रभर पाळीपाळीने सरपण घालावे लागते. झोत कोणत्या रंगाचा झाला म्हणजे आग वाढवावी व केव्हा थांबवावी, हे चौघांच्या चर्चेतूनच ठरते. भट्टी उघडल्यावर तडकलेली भांडी हाती घेऊन कारणांची जी फोड होते, तिच्या तोडीचा धडा कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशातील शिंप्यांचे असेच वर्णन आहे. तेथील शिकाऊ मुलगा प्रथम तयार कपड्यांना इस्त्री करणे, गुंड्या लावणे अशी अखेरची कामे करतो, नंतर शिवण शिकतो आणि सर्वांत शेवटी कापड बेतण्यास हात लावतो. उस्तादापेक्षा अन्य शिकाऊ मुलांच्या संगतीतच शिक्षण झपाट्याने पसरते, असे निरीक्षण या लेखकांनी नोंदविले आहे. आपल्याकडील सुताराच्या, लोहाराच्या किंवा गवंड्याच्या हाताखाली राहिलेल्यास यात नवल वाटणार नाही.

दुरून दोष कसा पाहावा

यावरून पडद्याद्वारे परस्परांस काहीच शिकविता येत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कामाचा दोष छायाचित्रात दिसेल अशा रीतीने मांडण्याची हातोटी तेवढी शिकविली पाहिजे.

जोडारी व्यवसायाचे उदाहरण पाहू. लोखंडी तुकडा कानशीने सपाट करताना नवशिक्याची कानस झोके खाते आणि पृष्ठभाग मध्ये फुगीर, कडांना उतरता होतो. नुसत्या तुकड्याचे छायाचित्र पाठविले तर तो चकचकीत व सुंदर दिसतो. त्याच तुकड्यावर काटकोनी गुण्या ठेवून, मागे उजेड येईल असा धरून छायाचित्र घेतले, तर गुण्या व लोखंड यांमधील फट प्रकाशाच्या रेघेसारखी उमटते. कणकुंबीच्या मुलाने घेतलेले असे छायाचित्र नंदगडच्या मुलास कसलेही स्पष्टीकरण न देता समजते. शिवणकामात बाहीचा झोल पाठीमागून घेतलेल्या छायाचित्रात दिसतो, समोरून दिसत नाही. वीजतंत्रीच्या कामात जोडणीच्या फलकाचे झाकण उघडून, तारांचे रंग ओळखू येतील असे छायाचित्र घ्यावे लागते.

या शेवटच्या व्यवसायाच्या बाबतीत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. घरी एकट्याने फीत पाहत विजेच्या चालू जोडणीवर सराव करणे जिवावर बेतू शकते. सराव नेहमी पुरवठा बंद असलेल्या फलकावरच करावा आणि तोही दोघांनी मिळून करावा. मुख्य बटण बंद आहे याची खात्री एकाने करावी व दुसऱ्याने चाचणी-दिव्याने ती पुन्हा तपासावी. कर्मशाळेत निदेशकाची नजर जे रक्षण करते, ते घरी दुसऱ्या विद्यार्थ्यानेच करावयाचे असते. येथे सोबत ही सुरक्षेची बाब होते. शिक्षणाचा प्रश्न त्यानंतरचा.

शिक्षकाने 'समजले का?' असे विचारण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या कामाचे एक छायाचित्र पाठवावे आणि सोबत्याच्या कामातील एक चांगली गोष्ट व एक दोष लिहावा, असे सांगितल्यास गटाचे रूप पालटते. प्रारंभी विद्यार्थी संकोचतात. मित्राच्या कामातील दोष चारचौघांत काढणे आपल्याकडे शिष्टसंमत मानले जात नाही, आणि काही जण त्याचा सूडही उगवतात. म्हणून पहिल्या काही वेळा शिक्षकाने स्वतःच्याच एखाद्या बिघडलेल्या कामाचे छायाचित्र टाकून त्याचे दोष विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावेत. गटात तीस जण असतील तर हे चालत नाही. पाच-सहा जणांच्या तुकड्या कराव्या लागतात.

लेखी परीक्षेची उत्तरे एकमेकांस पाठविण्याची तक्रार शिक्षक नेहमी करतात. ती खरी आहे. परंतु यासाठी गटच बंद करणे हा उपाय नव्हे. पाच जणांनी एकाच फटीचे छायाचित्र पाठविणे शक्य नसते. ज्या कामात प्रत्येकाच्या हाताची खूण उमटते, त्यात नक्कल आपोआप उघडी पडते.

भाषेचा प्रश्न

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात मराठी व पूर्वेकडे बिडी, इटगी या बाजूस कन्नड अधिक बोलली जाते. मराठी शाळेतून दहावी झालेला विद्यार्थी व्यवसाय-शिक्षणास गेला, की त्यास कन्नड किंवा इंग्रजीतून शिकावे लागते. कर्मशाळेत ही अडचण शेजारी उभा असलेला सोबती सोडवीत असे. पडद्यावर शिक्षकाचे वाक्य एकदा निसटले की निसटलेच, आणि मला भाषा कळली नाही असे सर्वांदेखत लिहिण्यास कोणी धजत नाही. अशा ठिकाणी लहान तुकडीत दोन्ही भाषा जाणणारा एक तरी विद्यार्थी असावा. 'गेज', 'व्हर्नियर', 'टेपर' हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत. अडते ते मधल्या क्रियापदांपाशी. ते एका ओळीत मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगणारा सोबती असला, की काम पुढे सरकते. सीमाभागातील मुलांना दुसरी भाषा कानावरून येत असते. या गोष्टीचा शिक्षणात उपयोग करून घेण्याचे प्रयत्न व्हावेत तितके होत नाहीत.

विद्यार्थिनींची अडचण

मुलींच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. अनेक घरांतून मोबाईल एकच असतो आणि तो दिवसा वडिलांबरोबर किंवा भावाबरोबर बाहेर असतो. व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. मुलीचा क्रमांक तीस अपरिचितांच्या हाती जाणे घरच्यांना रुचत नाही, आणि नको ते संदेश येऊ लागल्यावर शिक्षण सोडण्याची पाळी मुलीवरच येते. ही भीती निराधार नाही. तिला मागासलेपणा म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही.

शिक्षकास गटाऐवजी 'ब्रॉडकास्ट' यादीने सूचना पाठविता येतात. त्यात एकाचा क्रमांक दुसऱ्यास दिसत नाही. मात्र ज्यांनी शिक्षकाचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये नोंदविलेला असेल त्यांनाच संदेश पोहोचतो. सूचनांपुरती ही सोय उत्तम आहे. परंतु तीत विद्यार्थ्यांचा आपसांतील संवाद उरत नाही, म्हणून ती अपुरी पडते. त्यापेक्षा एकाच गावच्या अगर शेजारच्या गावांतील चार-पाच मुलींनी अंगणवाडीत, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठरलेल्या वेळी प्रत्यक्ष जमावे, एका मोबाईलवर फीत पाहावी आणि तेथेच हातकाम करावे, ही व्यवस्था अधिक टिकाऊ आहे. घरच्यांना मुलगी कोठे व कोणाबरोबर आहे हे ठाऊक असते. एकीच्या घरचा मोबाईल बाहेर गेला, तर दुसरीचा असतो.

गावाने करावयाचे काम

नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. पत्राने व पुस्तकाने शिकविणाऱ्या या विद्यापीठानेही अभ्यासकेंद्रे व संपर्कसत्रे यांची योजना केली, कारण छापील पुस्तक घरोघरी पोहोचले तरी विद्यार्थ्यास कोठे तरी जाऊन इतरांस भेटण्याची गरज राहतेच. ऑनलाइन शिक्षणाने ती गरज संपली, अशी समजूत मधल्या काळात पसरली होती. तीस २०२० नंतरच्या अनुभवाचा आधार मिळत नाही.

गावपातळीवर यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. रेंज मिळणारी एक खोली, विजेची जोडणी, एक भक्कम बाक व त्यावर बसविलेला शेगडा, आणि आठवड्यातील दोन ठरलेल्या संध्याकाळी एवढे पुरते. वेळ ठरलेली असणे महत्त्वाचे आहे. 'सवडीने जमू' म्हणणारे मंडळ भातलावणी सुरू होताच मोडते. जेथे रेंज नाही, तेथे तालुक्यास जाणाऱ्या एकाने फिती उतरवून आणाव्यात व सर्वांनी पाहाव्यात. प्रश्न वहीत लिहून ठेवावेत आणि पुढच्या फेरीत निदेशकास पाठवावेत. पुणे केंद्राच्या मंडळांनी १९५६ मध्ये पत्राने हेच केले होते. उत्तरास चार दिवस लागले तरी बिघडत नाही; मधल्या चार दिवसांत मंडळातील कोणी तरी ते बहुधा स्वतःच शोधून काढतो.

गावातील जुने कारागीर हा मंडळाचा मोठा आधार होऊ शकतो. सुतारमामा मोबाईलवरील फीत पाहून प्रथम हसतील, आणि मग 'ह्याने रंधा उलटा धरला आहे' असे म्हणून जे दाखवितील, ते पाहण्यासाठी मुलांनी जमलेच पाहिजे. कधी फितीतील रीत बरोबर असते व मामांची जुनी. कधी याच्या उलट असते. कोणती रीत कोणत्या लाकडास योग्य हे दोन्ही करून पाहिल्यावर ठरते, आणि तेवढ्यासाठी बाकावर निदान दोन फळकुटे व दोन रंधे तयार असावेत.

निदेशकांनी महिन्यातून एकदा अशा मंडळास भेट दिल्यास त्यांचा सर्वांत अधिक वेळ सत्कारणी लागेल. दुरून तीस विद्यार्थ्यांना तीस वेळा सांगावी लागणारी गोष्ट तेथे एकदा दाखवून भागते. भेटीचा दिवस व प्रवासखर्च यांची तरतूद मात्र संस्थेच्या वेळापत्रकात आधीच असावी लागते. ती नसल्यास ही भेट निदेशकाच्या रजेतून व खिशातून होते आणि दुसऱ्या महिन्यात बंद पडते.